मशीन बदलताय? कोयनेच्या पावसात आधी हे गैरसमज तपासा

पावसाळ्यात कोयना धरणाची बातमी आली, की कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वर या तीन ठिकाणच्या पावसाचे आकडे रोज वाचायला मिळतात. कोयनानगरला वर्षाला सरासरी ५,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. याच सातारा-सांगलीच्या पूर्वेकडे, जत-आटपाडीला, वर्षभरात ५०० मिलिमीटर पडला तरी वर्ष बरं गेलं म्हणतात. कपडे धुण्याचं मशीन मात्र दोन्हीकडे त्याच जाहिराती बघून घेतलं जातं. ते बंद पडलं, की ‘हल्लीच्या वस्तू टिकतच नाहीत’ म्हणायचं, घाईघाईत नवं आणायचं आणि काही वर्षांनी पुन्हा तेच. हा खर्च टाळता येण्यासारखा आहे. त्यासाठी मनात पक्के बसलेले काही समज आधी तपासायला हवेत.

गैरसमज १ : जुनी मशीनं वीस-वीस वर्षं चालायची, आताची कंपन्या मुद्दाम लवकर मोडतील अशीच बनवतात.

वस्तुस्थिती : यात तथ्य आहे, पण पूर्ण नाही. जर्मनीच्या संघीय पर्यावरण संस्थेने करवून घेतलेला एक मोठा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार, मोठ्या घरगुती उपकरणांचं पहिल्या मालकाकडचं सरासरी आयुष्य २००४ मध्ये १४.१ वर्षं होतं, ते २०१२-१३ पर्यंत १३ वर्षांवर आलं. बिघाडामुळे पाच वर्षांच्या आतच बदलावी लागलेली उपकरणं ३.५ टक्क्यांवरून ८.३ टक्क्यांवर गेली. म्हणजे लवकर मोडणं खरोखर वाढलं आहे. पण त्याच अभ्यासात असंही दिसलं, की बदललेल्या उपकरणांपैकी जवळजवळ एक तृतीयांश चालू स्थितीत होती. मालकांना फक्त अधिक चांगलं हवं होतं. कंपन्या मुद्दाम बिघाड पेरतात, याचा पुरावा मात्र त्यात मिळाला नाही.

बदललं आहे ते मशीनच्या पोटात. साध्या फिरत्या टायमरच्या जागी इलेक्ट्रॉनिक बोर्ड आला. काही फ्रंट लोड मशीनमध्ये बाहेरचा प्लॅस्टिकचा टब दोन भाग कायमचे चिकटवून बनवलेला असतो. त्यातलं बेअरिंग गेलं, की काही शेकड्यांच्या भागासाठी अख्खा टब बदलावा लागतो. स्क्रूने जोडलेला टब असेल, तर तेच काम बेअरिंग बदलून भागतं. म्हणून टिकाऊपणा हा नशिबाचा भाग नाही. निदान काही अंशी तो खरेदीच्या वेळीच निवडता येतो.

गैरसमज २ : दहा वर्षांची वॉरंटी आहे आणि पाच स्टार आहेत, म्हणजे मशीन मजबूत.

वस्तुस्थिती : मोठ्या अक्षरात छापलेली दहा वर्षं बहुतेक वेळा फक्त मोटरची असतात. संपूर्ण मशीनची वॉरंटी साधारण दोन वर्षांची असते. मोटर हा तसाही फार क्वचित जाणारा भाग आहे. जातात ते बोर्ड, ड्रेन पंप, बेअरिंग, दाराचं रबर आणि पाणी आत सोडणारा व्हॉल्व. उंदरांनी वायरी कुरतडल्या तर तो खर्चही बहुतेक वॉरंटीत बसत नाही. कोयनेच्या खोऱ्यात शेत आणि जंगल घराला लागून असतं. तिथे मशीनच्या तळाला पत्रा किंवा जाळी बसवून घेणं हे कागदावरच्या वॉरंटीइतकंच महत्त्वाचं आहे.

स्टारचं लेबल ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचं असतं. एक किलो कपडे धुवायला वीज आणि पाणी किती लागतं, एवढंच ते सांगतं. मशीन किती वर्षं चालेल, याच्याशी त्याचा संबंध नाही.

गैरसमज ३ : बिघडलं की दुरुस्तीत पैसे घालू नयेत, नवंच घ्यावं.

वस्तुस्थिती : आधी काय बिघडलं ते बघा. ड्रेन पंप, व्हॉल्व, बेल्ट, कपॅसिटर, दाराचं रबर हे भाग बदलले की मशीन पुन्हा वर्षानुवर्षं चालू शकतं. चिकटवलेल्या टबातलं बेअरिंग गेलं, ड्रमला धरून ठेवणारा ॲल्युमिनियमचा तिकोनी आधार झिजून तुटला, किंवा बोर्ड मिळणंच बंद झालं, तर मात्र नव्याचा विचार रास्त आहे.

कोयनानगरच्या ग्राहकाने आणखी एक हिशेब मांडायला हवा. कंपनीचा माणूस बहुधा कराडहून येतो, म्हणजे साठेक किलोमीटरवरून, तोही ऐन पावसात. सेमी ऑटोमॅटिकचा टायमर, ब्रेकची वायर किंवा स्पिनचं सील पाटणचा मेकॅनिकही बदलून देईल. त्यामुळे दुकानात ‘कोणती कंपनी चांगली?’ हा पहिला प्रश्न नसावा. ‘पाटण-कराडमध्ये हे मॉडेल कोण उघडतं आणि भाग किती दिवसांत येतो?’ हा असावा.

युरोपीय संघात मार्च २०२१ पासून वॉशिंग मशीनचे महत्त्वाचे सुटे भाग मॉडेल बाजारातून गेल्यावरही किमान दहा वर्षं पुरवणं कंपन्यांना बंधनकारक आहे. आपल्याकडे अशी सक्ती नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, ही चांगली सुरुवात आहे. पण सक्तीचा कायदा येईपर्यंत आपलं हत्यार एकच : जी कंपनी भाग देत नाही, तिचं मशीन घ्यायचं नाही.

गैरसमज ४ : मशीनला ड्रायर आहे, म्हणजे कपडे वाळूनच निघतील.

वस्तुस्थिती : सेमी ऑटोमॅटिकच्या शेजारच्या टबाला घरोघरी ड्रायर म्हणतात, पण तो कपडे फक्त पिळतो. पिळण्याने पाणी कमी होतं. उरलेलं पाणी हवेनेच न्यावं लागतं. कोयनानगरला जुलैत हवाच पाण्याने भरलेली असते, म्हणून तीन-तीन दिवस दोरीवर असलेले कपडे ओलसर राहतात आणि कुबट वास धरतात.

पाच किलो सुती कपडे टॉप लोड मशीनमधून निघतात तेव्हा त्यांत साधारण साडेतीन लिटर पाणी असतं. मिनिटाला १,२०० फेऱ्यांवर फिरणाऱ्या फ्रंट लोडमधून निघाले तर ते अडीच-पावणेतीन लिटर असतं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला किमान ०.६३ युनिट उष्णता लागते. ती ऊन देईल, चूल देईल, नाहीतर विजेचं बिल देईल. म्हणून इथे मशीन निवडताना धुण्याच्या पंधरा प्रोग्रॅमपेक्षा पिळण्याचा वेग आधी पाहावा.

यात सेमी ऑटोमॅटिकला कमी लेखू नये. त्यांचा स्पिन टब बहुतेक १,३०० फेऱ्यांच्या आसपास फिरतो. टॉप लोड ऑटोमॅटिक साधारण ७०० ते ७५० फेऱ्यांवर. टब लहान असूनही सेमी ऑटोमॅटिक कपडे जास्त कोरडे पिळतं. भिजलेली गोधडी मात्र कोणत्याही मशीनमध्ये पिळायला घालू नये. तिचं वजन एका बाजूला जातं, टब आदळतो आणि बेअरिंगचं आयुष्य कमी होतं.

गैरसमज ५ : ड्रायर घ्यायचाच तर धुणं-वाळवणं एकत्र असलेलं मशीन घ्यावं, एकाच खर्चात दोन कामं.

वस्तुस्थिती : अशा मशीनची धुण्याची आणि वाळवण्याची क्षमता वेगवेगळी असते. आठ किलो धुणारं मशीन एका वेळी साधारण पाच किलोच वाळवतं. म्हणजे धुतलेले थोडे कपडे बाहेर काढून दोनदा वाळवायचे आणि तोवर पुढचं धुणं थांबवून ठेवायचं. शिवाय दोन कामं एकाच मशीनवर असल्याने एक बिघडलं, की दुसरंही बंद. जागा अगदीच नसलेल्या दोन माणसांच्या घराला ते चालेल. पाच-सहा जणांच्या घराला नाही.

स्वतंत्र ड्रायरचे तीन प्रकार आहेत. पहिला गरम हवा फिरवून ओलसर हवा पाइपने बाहेर सोडतो. रचना साधी, किंमत त्यातल्या त्यात कमी, दुरुस्ती सोपी. पण वीज जास्त आणि पाइप भिंतीतून बाहेर काढणं अनिवार्य. पाइप न काढता तो बंद खोलीत लावला, तर कपड्यांतलं सगळं पाणी भिंतींवर आणि कपाटांवर बुरशी बनून येतं. दुसरा, कंडेन्सर, वाफेचं पाणी करून डब्यात साठवतो. तिसरा, हीट पंप. फ्रिज-एसीच्या तत्त्वाने तो तीच उष्णता पुन्हा पुन्हा वापरतो, त्यामुळे वीज साध्या ड्रायरच्या जवळपास निम्मी किंवा त्याहूनही कमी लागते. युरोपीय संघाने जुलै २०२५ पासून लागू केलेले नियम इतके कडक आहेत, की तिथे नवे ड्रायर व्यवहारात हीट पंपाचेच उरले आहेत.

मग कोयनानगरला सरळ हीट पंपच घ्यावा का? वीज वाचते हे खरं, आणि महावितरणचा घरगुती दर १०० युनिटांपुढे चढतो, त्यामुळे ती बचत मोलाची आहे. पण हीट पंपात गॅसचं बंदिस्त चक्र असतं. ते बिघडलं तर फ्रिज-एसी जाणणारा कारागीर लागतो. ड्रायर रोज चालणार असेल आणि सेवा मिळण्याची खात्री असेल, तर हीट पंप. फक्त पावसाचे चार महिने, तेही शाळेचे गणवेश आणि जाड कपड्यांपुरता लागणार असेल, तर पाइप बाहेर काढलेला साधा ड्रायर पुरतो. तोही परवडत नसेल, तर एक खोली बंद करून पंखा आणि हवेतली ओल शोषणारा डिह्युमिडिफायर लावावा. कपडे वाळतात आणि घरातली बुरशीही कमी होते.

गैरसमज ६ : वीज इथेच तयार होते, त्यामुळे व्होल्टेजची चिंता नाही.

वस्तुस्थिती : कोयना प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅट आहे. बहुतेक वीज सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर, पोफळी-अलोरे परिसरातल्या वीजघरांत तयार होते आणि उच्च दाबाच्या वाहिन्यांनी राज्याच्या जाळ्यात जाते. घरात येणारी वीज वेगळ्या, साध्या वितरण वाहिनीने येते. ती झाडीतून, डोंगरातून जाते. फांदी पडली, वीज कडाडली, की व्होल्टेज खालीवर होतं आणि पहिला बळी बोर्डाचा जातो. स्टॅबिलायझर कमीजास्त व्होल्टेज सांभाळतो. विजेचा झटका अडवायला सर्ज प्रोटेक्टर वेगळा लागतो. आणि ढगांचा गडगडाट सुरू झाला, की प्लग काढून ठेवणं हा सगळ्यांत स्वस्त उपाय आहे. ओल्या जमिनीच्या घरात चांगलं अर्थिंग हा तर थेट जिवाचा प्रश्न आहे. ड्रायरसाठी १६ अँपिअरचं स्वतंत्र सॉकेट हवंच.

गैरसमज ७ : फेस जितका जास्त, तितके कपडे स्वच्छ, आणि दर महिन्याला स्केलची पावडर हवीच.

वस्तुस्थिती : धरणातलं पावसाचं पाणी हलकं असतं, त्यात क्षार कमी. अशा पाण्यात फेस पटकन होतो, त्यामुळे पाकिटावर सांगितलेल्या मापापेक्षा कमी पावडर पुरते. जास्तीची पावडर खळबळून निघत नाही. ती टबात आणि रबरात साचते, वास येतो, पंपावर ताण येतो आणि ड्रमचा ॲल्युमिनियमचा आधार खराब होतो. स्केलची खरी अडचण पूर्व सांगलीत आहे. तिथे बोअरच्या जड पाण्याने हीटरवर क्षारांचा थर बसतो. कोयनानगरला महिन्यातून एकदा रिकामं मशीन गरम पाण्यावर फिरवणं आणि धुणं झाल्यावर दार उघडं ठेवणं जास्त उपयोगाचं.

पैसे देण्याआधी

दुकानात पाच गोष्टी विचारा आणि उत्तरं बिलावर किंवा कागदावर लिहून घ्या : संपूर्ण मशीनची वॉरंटी किती वर्षांची, बेअरिंग वेगळं बदलता येतं का, बोर्ड आणि पंपाची आजची किंमत काय, माणूस कुठून आणि किती दिवसांत येईल, आणि पाण्याचा दाब किमान किती लागतो. शेवटचा प्रश्न विसरू नका. दहा मीटर उंचीच्या टाकीने एक बार दाब मिळतो आणि काही फ्रंट लोडना ०.३ बार तरी हवा असतो. कौलारू घराच्या नळापेक्षा मीटरभरच उंच टाकी असेल, तर मशीन पाणी भरत बसतं आणि दोष मात्र मशीनवर येतो.

सांगितलेलं पाळलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. जुनं मशीन भंगारवाल्याला देण्याआधी कंपनीच्या परतीच्या योजनेची चौकशी करा. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनी अशा कचऱ्यावरच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे.

टिकणारी वस्तू मिळणं हा ग्राहकाचा हक्क आहे. पण जो ग्राहक सुट्या भागाबद्दल विचारतच नाही, त्याच्यासाठी सुटा भाग कोणी ठेवत नाही. पाटणच्या, कराडच्या प्रत्येक दुकानात दहा जणांनी हा प्रश्न विचारला, तर त्याचं उत्तर दुकानदाराला तयार ठेवावंच लागेल.