प्रॅक्टिकलचा तास कुठे गेला?

बारावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांमधून एकच प्रश्न कानावर येतो, ‘पोराला कॉम्प्युटरला टाकू का?’ जरूर टाका. मात्र कॉम्प्युटर म्हणजे नेमके काय, हे आधी समजून घ्या. २००१ पासून एमएस-सीआयटीने गावोगावी माऊस पोहोचवला, हे खरेच. पण ते संगणक वापरण्याचे शिक्षण झाले. बीसीए किंवा बी.एस्सी. संगणकशास्त्र हे संगणक उभा करण्याचे शिक्षण आहे आणि त्याचा पाया हार्डवेअर, डेटाबेस व नेटवर्किंग या विषयांत आहे. (बीसीएसाठी २०२४ पासून राज्यात सीईटी सुरू झाली. निकालापर्यंत थांबलात तर अर्जाची तारीख निघून गेलेली असते.)

या विषयांचे मर्म प्रयोगशाळेत आहे आणि नेमके तिलाच अनेक ठिकाणी कुलूप असते. मुलगा मदरबोर्डची आकृती पट्टीने जर्नलमध्ये काढतो, सही मिळवतो. पण रॅम काढून पुन्हा खाचेत बसवण्याची वेळ त्याच्यावर कधी आलेली नसते. नेटवर्किंगचे सात थर तोंडपाठ असतात, पण आठ तारांची केबल हातात दिली की गडबडतो. दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच ठेवायचा, हे क्रिंपिंगची पक्कड धरल्यावरच अंगवळणी पडते. ज्याच्या घरी संगणक आहे तो घरी खटपट करून शिकेल. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसांत राहणाऱ्याने कुठे जावे? प्रॅक्टिकल बुडाले तर नुकसान सर्वांचे सारखे होत नाही, हे आपल्या प्राध्यापक मंडळींनाही सांगावे लागते!

डेटाबेस शिकायला तर आपल्या मुलांना उदाहरण शोधायची गरजच नाही. आयबीएमचे एडगर कॉड यांनी १९७० मध्ये माहिती कोष्टकांत मांडण्याची पद्धत सांगितली. प्रत्येक नोंद ओळखणारी एक किल्ली हवी, तिला प्रायमरी की म्हणतात. कोष्टके त्या किल्लीने जोडायची. नावावरून जोडायला गेलात की घोटाळा. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना हेच घडते. गुणपत्रिकेवर एक नाव, आधारवर दुसरे स्पेलिंग, जातीच्या दाखल्यावर वडिलांचे नाव तिसरेच. अर्ज अडकतो, मुलगी केंद्राच्या फेऱ्या मारते आणि सगळे म्हणतात ‘साईट खराब आहे’. कधी ती खरोखरच खराब असते, कधी दोष नावांचा असतो. कोणता, हे ओळखणारी मुलगी वस्तीत असली तर किती फेऱ्या वाचतील?

१९४२ साली व्हाइसरॉयना दिलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी विज्ञान आणि तंत्रशिक्षणाच्या शिष्यवृत्त्या मागितल्या होत्या. आज शिष्यवृत्तीच्या जोरावर महाविद्यालयाला जे शुल्क मिळते, त्यात बहुतेकदा प्रयोगशाळेचेही शुल्क असते. मग तासांचा हिशेब मागायला संकोच कसला?

विद्यापीठाचा अभ्यासक्रम मिळवा. प्रॅक्टिकलचे क्रेडिट त्यात छापलेले असतात. एका क्रेडिटचे साधारण ३० तास धरा. प्रयोगशाळा कोणत्या तारखेला उघडली, किती संगणक चालू होते, हे वहीत लिहा. परीक्षा तोंडावर येण्याची वाट न पाहता सत्राच्या मध्यावरच सर्वांच्या सह्यांनी प्राचार्यांना अर्ज द्या आणि पोच घ्या. ‘सॉफ्टवेअर नाही’ हे कारण ऐकू नका. मायएसक्यूएल, पोस्टग्रेएसक्यूएल फुकट मिळतात आणि जुन्या संगणकावरही चालतात.

विहारात दोन जुने संगणक आणि एक स्विच एवढे जमले तरी वस्तीतील मुले सुट्टीत स्वतःचे नेटवर्क जोडू शकतात. जुने संगणक कार्यालये आणि बँका भंगारात काढतच असतात. मंडळांनी तिकडे एक पत्र द्यावे.