बाथरूमचं पॅनेलिंग आणि पाइप झाकायचेत? आधी बोर्ड नीट निवडा!

🔹 साधा एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड टाळाच. पाणी लागलं की फुगतात आणि पुन्हा मूळ आकारात येत नाहीत.

🔹 एमआर ग्रेड प्लाय बेडरूमच्या कपाटाला ठीक. तो दमट हवा सोसतो, थेट पाणी नाही.

🔹 बाथरूमसाठी आयएस ७१० चा मरीन प्लाय घ्या. यात फिनॉलिक गोंद असतो आणि ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून त्याची चाचणी होते. शीटवरचा आयएसआय शिक्का स्वतः पाहा.

🔹 शॉवरजवळ डब्ल्यूपीसी किंवा पीव्हीसी बोर्ड उत्तम. वाळवीची चिंता नाही.

🔹 खरं लाकूडच हवं असेल तर सागवान. त्यातलं नैसर्गिक तेल पाण्याला दाद देत नाही.

कापलेल्या कडा आणि स्क्रूची भोकं सील करायला सुताराला आवर्जून सांगा. पाणी तिथूनच शिरतं. जमिनीपासून बोटभर फट ठेवा.

पाइपवरचं कव्हर खिळ्यांनी ठोकू नका. स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरा, म्हणजे गळती झाली तर प्लंबरला तोडफोड न करता ते काढता येईल. व्हॉल्व्हसमोर छोटं दार हवंच!