वीज कोणासाठी? फिलिपिन्सच्या विद्यार्थी-लेखकांपुढचा खरा प्रश्न

फिलिपिन्स हा ७,६०० हून अधिक बेटांचा आणि साधारण ११ कोटी लोकसंख्येचा देश आहे. तिथल्या शाळा-महाविद्यालयांत ‘देशाचा विकास’, ‘तरुणांची भूमिका’, ‘उद्याची ऊर्जा’ अशा विषयांवर विद्यार्थी मनापासून लिहितात. निबंध म्हणजे गुण किंवा बक्षीस मिळवण्याचे साधन, असे समजून आपण अशा लिखाणाकडे दुर्लक्ष करतो. पण विजेच्या बाबतीत तसे करून चालणार नाही. आज घेतलेल्या निर्णयांची किंमत हीच मुले पुढची तीस-चाळीस वर्षे मोजणार आहेत.

लेखणीची परंपरा

फिलिपिन्समध्ये राष्ट्राची कल्पनाच मुळात तरुणांच्या लेखणीतून घडली. स्पॅनिश राजवटीत शिक्षणासाठी युरोपात गेलेल्या तरुणांनी १८८९ मध्ये बार्सिलोना येथे ‘ला सोलिदारिदाद’ हे नियतकालिक सुरू केले. होसे रिझाल हे त्यातले ठळक नाव. फिलिपिनो माणूस जन्मतः आळशी असतो, असे राज्यकर्ते म्हणत. रिझालने १८९० मध्ये याच नियतकालिकात दीर्घ निबंध लिहून दाखवून दिले की, कष्टाचे फळ दुसराच नेत असेल तर कष्टाची उमेद मरते. दोष रक्तात नसून व्यवस्थेत आहे, ही त्याची मांडणी समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला आजही उपयोगी पडते. ३० डिसेंबर १८९६ रोजी त्याला गोळ्या घालून ठार करण्यात आले. तेव्हा तो अवघा ३५ वर्षांचा होता.

१९५६ च्या कायद्याने रिझालचे जीवन आणि लेखन तिथे अभ्यासक्रमात सक्तीचे झाले. १९९१ च्या कॅम्पस जर्नालिझम कायद्याने विद्यार्थी-वृत्तपत्रांना संरक्षण दिले. शालेय पत्रकारितेच्या स्पर्धा राष्ट्रीय पातळीपर्यंत होतात आणि त्यांत इंग्रजी व फिलिपिनो अशा दोन्ही भाषांत अग्रलेख लिहायला लावतात. १९८७ च्या राज्यघटनेने राष्ट्रउभारणीतील तरुणांची भूमिका स्पष्ट शब्दांत मान्य केली आहे. म्हणजे विद्यार्थ्याने देशाबद्दल मत मांडणे तिथे आगाऊपणा ठरत नाही, उलट ते अपेक्षितच आहे.

विजेचे गणित

या विद्यार्थ्यापुढे चित्र काय आहे? देशातील साधारण साठ टक्के वीज कोळशापासून तयार होते आणि बराचसा कोळसा इंडोनेशियातून येतो. जानेवारी २०२२ मध्ये इंडोनेशियाने कोळशाची निर्यात थांबवली, तेव्हा ती पुन्हा सुरू करा अशी विनंती फिलिपिन्स सरकारला करावी लागली. पलावानजवळच्या समुद्रातील मालाम्पाया वायूक्षेत्र २००१ पासून लुझोन बेटाला वीज पुरवण्यास हातभार लावत आले, पण तो साठा आता आटत चालला आहे. २००१ च्याच कायद्याने वीजक्षेत्राचे खासगीकरण झाले. त्यातून स्वस्त वीज मिळेल असे सांगितले गेले होते. तरीही आग्नेय आशियातील सर्वांत महाग विजेच्या देशांत फिलिपिन्सची गणना होते.

दुसरी बाजू आशेची आहे. ज्वालामुखींच्या या देशात जमिनीखालच्या उष्णतेपासून वीज तयार होते. या भूऔष्णिक विजेत अमेरिका आणि इंडोनेशियानंतर फिलिपिन्सचा क्रमांक लागतो. २००८ मध्ये अक्षय ऊर्जेचा कायदा झाला. २०२० मध्ये नव्या कोळसा प्रकल्पांना स्थगिती दिली गेली. २०३० पर्यंत ३५ टक्के आणि २०४० पर्यंत ५० टक्के वीज अक्षय स्रोतांतून मिळवायची, असे सरकारी उद्दिष्ट आहे.

न वापरलेल्या विजेचे बिल

पण ऊर्जा हा केवळ तंत्रज्ञानाचा विषय नाही. त्याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे बाताआन अणुऊर्जा प्रकल्प. फर्डिनांड मार्कोस यांच्या हुकूमशाहीत, १९७६ मध्ये, त्याचे काम सुरू झाले. ६२० मेगावॅटच्या या प्रकल्पावर दोन अब्ज डॉलरहून अधिक खर्च झाला आणि लाचखोरीचे गंभीर आरोपही झाले. १९८६ च्या फेब्रुवारीत जनतेने मार्कोस यांना घालवले, एप्रिलमध्ये चेर्नोबिलची दुर्घटना घडली आणि नव्या सरकारने प्रकल्प बंद ठेवला. त्यातून आजवर एक युनिटही वीज मिळालेली नाही. कर्ज मात्र २००७ पर्यंत फेडावे लागले. १९८६ मध्ये जन्मलेले मूल तोवर २१ वर्षांचे झाले होते. ज्या निर्णयात आपल्याला कोणी विचारले नाही, त्याचे हप्ते आपण भरायचे, हा अनुभव एका अख्ख्या पिढीने घेतला.

आता मार्कोस यांचेच चिरंजीव राष्ट्राध्यक्ष आहेत आणि अणुऊर्जेची चर्चा पुन्हा सुरू आहे. २०२३ मध्ये अमेरिकेशी नागरी अणुसहकार्याचा करार झाला. अणुऊर्जा हवी की नको, यावर विद्यार्थ्यांत दोन्ही बाजूंची मते असू शकतात. पण कर्ज कोण काढणार, हिशेब कोण तपासणार आणि धोका कोणाच्या दारात येणार, हे प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारलेच पाहिजेत.

विकास कोणाचा, विस्थापन कोणाचे

दुसरा धडा उत्तर लुझोनच्या डोंगरांतला आहे. चिको नदीवर जलविद्युतसाठी धरणे बांधायचे ठरले, तेव्हा कलिंगा आणि बोंतोक या आदिवासी समाजांची गावे, भातखाचरे आणि पूर्वजांच्या दफनभूमी पाण्याखाली जाणार होत्या. लोकांनी संघटित विरोध केला. त्यांचे एक नेते माक्लिइंग दुलाग यांना २४ एप्रिल १९८० रोजी सैनिकांनी ठार मारले. अखेर धरणांचा तो बेत सोडून द्यावा लागला. पुढे १९९७ च्या कायद्याने आदिवासींच्या भूमीवर प्रकल्प आणण्याआधी त्यांची मुक्त, पूर्व आणि माहितीपूर्ण संमती घेणे बंधनकारक झाले. जलविद्युत कोळशापेक्षा स्वच्छ असेल, पण त्यासाठी कोणाचे गाव बुडणार असेल तर त्या विजेला न्याय्य म्हणता येत नाही.

तिसरा प्रश्न वाटपाचा आहे. मुख्य वीजजाळ्याला न जोडलेली अनेक छोटी बेटे डिझेल जनरेटरवर चालतात आणि त्यांतल्या काही ठिकाणी दिवसाचे मोजकेच तास वीज असते. लेते बेटावर देशातील एक मोठे भूऔष्णिक क्षेत्र आहे. त्याच बेटावरील टॅक्लोबान शहर नोव्हेंबर २०१३ च्या हैयान चक्रीवादळात उद्ध्वस्त झाले आणि कित्येक आठवडे अंधारात राहिले. या वादळाने देशात ६,००० हून अधिक बळी घेतले. तापमानवाढीत ज्यांचा वाटा नगण्य, त्यांनाच तिचा फटका आधी बसतो.

महत्त्वाकांक्षा आणि अडथळे

२०१६ मध्ये सरकारने ‘आंबिस्योन नातिन २०४०’ हे दीर्घकालीन स्वप्न स्वीकारले. घट्ट मुळे असलेले, सुखाचे आणि सुरक्षित जीवन असा त्याचा आशय आहे. आज पंधरा वर्षांचा असलेला विद्यार्थी तेव्हा ऐन उमेदीत असेल. पण तो तेव्हा देशात असेल का? परदेशी काम करणारे फिलिपिनो दरवर्षी ३,००० कोटी डॉलरहून अधिक रक्कम घरी पाठवतात. देश उभारण्याचे स्वप्न लिहिणाऱ्या मुलांपैकी कितीतरी जणांना परिचारिका, अभियंता किंवा खलाशी म्हणून बाहेर जावे लागते. याला देशप्रेमाचा अभाव म्हणता येणार नाही, कारण घरी पुरेसे काम आणि पगार नाही.

भाषेचीही भिंत आहे. इंग्रजीत किंवा फिलिपिनोत लिहिलेला निबंध राजधानी मनिलापर्यंत पोहोचतो. पण लाखो मुलांच्या घरी सेबुआनो, इलोकानो किंवा वाराय बोलली जाते. जनरेटरवर जगणाऱ्या बेटावरची मुलगी आपली गोष्ट कोणत्या भाषेत सांगणार? त्यात भीतीची भर पडते. प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि कार्यकर्त्यांना बंडखोरांचे हस्तक ठरवण्याच्या प्रकाराला तिथे ‘रेड-टॅगिंग’ म्हणतात. यामुळे व्यक्तीचे जीवन, स्वातंत्र्य आणि सुरक्षितता धोक्यात येते, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केले.

तरीही एक दार उघडे आहे. तिथे बारांगाय म्हणजे सर्वांत छोट्या स्थानिक प्रशासनाच्या पातळीवर युवा परिषद निवडली जाते. १५ ते ३० वर्षांचे तरुण मतदान करतात, १८ ते २४ वर्षांचे निवडणूक लढवतात आणि बारांगायच्या सर्वसाधारण निधीतील दहा टक्के रक्कम या परिषदेकडे येते. निबंधात मांडलेली सौर दिव्यांची किंवा अभ्यासिकेची कल्पना प्रत्यक्षात आणण्याची ही पहिली पायरी ठरू शकते.

म्हणून अशा निबंधांची पारख करताना भाषेचा डौल किंवा देशभक्तीची विशेषणे पाहून थांबू नये. वीज कोणाला मिळणार, पैसे कोण भरणार, घर कोणाचे जाणार आणि हे ठरवताना त्यांना विचारले होते का, हे प्रश्न निबंधात आले आहेत का ते पाहावे. जो विद्यार्थी हे विचारायला शिकतो, तो उद्या मतदार, अभियंता किंवा अधिकारी झाल्यावरही ते विचारेल. विकासाच्या नावाने काहीही खपवू पाहणाऱ्यांना त्याला फसवणे सोपे जाणार नाही.