लिनक्सवर स्कॅनर दिसत नाही? दुरुस्तीला नेण्याआधी हे चार तपास करा

ऑनलाइन अर्जाचा शेवटचा दिवस. किल्लारीतल्या एखाद्या सेवा केंद्रात एक मुलगा प्लास्टिकच्या पिशवीतून घरातलं भूकंपग्रस्त प्रमाणपत्र काढतो. स्कॅनरचा दिवा लागलेला, पण संगणक म्हणतो, 'स्कॅनर सापडला नाही'. असा प्रसंग डोळ्यासमोर आणा.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपानंतर मिळालेला हा कागद आजही कामाचा आहे. राज्याच्या सरळसेवा भरतीत भूकंपग्रस्तांसाठी २ टक्के समांतर आरक्षण असतं. त्यामुळे इथं स्कॅनर अडला की नुसतं यंत्र अडत नाही, अर्जही अडतो.

अशा वेळी 'विंडोज टाकून घ्या' हा सल्ला हमखास मिळतो. बहुतेकदा त्याची गरज नसते. बिघाड चारपैकी एका ठिकाणी असतो. (आज्ञांची नावं इथं देवनागरीत दिली आहेत, टर्मिनलमध्ये ती इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करा.)

१. केबल आणि पोर्ट
अनेक लहान स्कॅनर वीजही यूएसबीतूनच घेतात. हब किंवा लांब एक्स्टेंशन असेल तर वीज कमी पडते. हब काढा, केबल थेट सीपीयूच्या मागच्या पोर्टला लावा. शक्य असेल तर केबल बदलून पाहा.

२. संगणकाला यंत्र दिसतं का?
केबल काढून 'एलएसयूएसबी' ही आज्ञा द्या. जोडलेल्या यूएसबी उपकरणांची यादी येईल. आता केबल लावून पुन्हा तीच आज्ञा द्या. एक ओळ वाढली, तर संगणकाला स्कॅनर दिसतोय. त्या ओळीतला मधे विसर्गचिन्ह असलेला आयडी क्रमांक लिहून ठेवा. ओळ वाढलीच नाही, तर दोष केबल, पोर्ट किंवा स्कॅनरचा आहे. तिथं सॉफ्टवेअरशी झटापट करून उपयोग नाही.

३. परवानगी आहे का?
लिनक्सवर स्कॅनिंगचं काम 'सेन' ही प्रणाली करते. 'स्कॅनइमेज' लिहून एक जागा सोडा, वजा चिन्ह आणि कॅपिटल एल द्या. (आज्ञा सापडत नसेल तर 'सेन-युटिल्स' हे पॅकेज टाका.) स्कॅनरचं नाव आलं नाही, तर हीच आज्ञा पुढे 'सुडो' लावून द्या. सुडोसह नाव आलं आणि त्याविना आलं नाही, तर अडचण परवानगीची आहे. उबंटू, डेबियनवर 'सुडो ॲडयूजर', मग आपलं लॉगिन नाव, मग 'स्कॅनर' असं लिहून स्वतःला त्या गटात घाला आणि लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करा. काही प्रणालींत हा गट 'एलपी' नावाचा असतो.

लक्षात ठेवा, या यादीत कधी कधी वेबकॅमचं नाव येतं. तो आपला स्कॅनर नव्हे.

४. ड्रायव्हर आहे का?
सुडोनंही नाव येत नसेल, तर ड्रायव्हर कमी आहे. मघाशी लिहून ठेवलेला आयडी सेनच्या संकेतस्थळावरच्या उपकरणांच्या यादीत शोधा. कोणतं मॉडेल पूर्ण चालतं, कोणतं अजिबात नाही, हे तिथं लिहिलेलं असतं. एचपीच्या यंत्रांसाठी 'एचपीलिप' पॅकेज लागतं. काही मॉडेलना त्यासोबत वेगळं प्लगइनही हवं असतं. एप्सन आपलं लिनक्स सॉफ्टवेअर स्वतः देते. नवा स्कॅनर घ्यायचा असेल, तर पैसे देण्याआधीच ही यादी पाहा.

आजच मुदत संपत असेल तर?
मग दुरुस्ती उद्यावर टाका. कागद सपाट ठेवून दिवसाउजेडी, सावली पडू न देता मोबाइलच्या स्कॅनिंग ॲपनं प्रत काढा. शिक्का, सही आणि क्रमांक नीट वाचता येतात का, आणि फाइल अर्जात सांगितलेल्या आकारात बसते का, हे तपासूनच अपलोड करा.

स्कॅनर सुरू झाला की मात्र एक काम लगेच उरकून घ्या. तीस वर्षांहून जुन्या त्या कागदाची चांगली प्रत काढा आणि दोन वेगवेगळ्या ठिकाणी जपून ठेवा. स्कॅनर बाजारात नवा मिळतो, घडीवर विरलेला कागद मिळत नाही.