हार्ड डिस्क लावली, पण दिसेना?

आधी केबल बदला. पुष्कळदा दोष तिथेच निघतो. अडीच इंची डिस्कला वेगळा अडॅप्टर नसतो, ती पोर्टमधूनच वीज घेते. यूएसबी २.० पोर्टची मर्यादा ५०० मिलिअँपिअर, ३.० ची ९००. म्हणून स्वस्तातल्या हबवर डिस्कचा दिवा लागतो, पण ती नीट फिरत नाही. थेट लॅपटॉपलाच लावा.

फिरतेय, तरी नाव नाही? स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. तिथे डिस्क आहे, पण तिला अक्षर नाही, असं असेल तर 'चेंज ड्राइव्ह लेटर'मधून एखादं मोकळं अक्षर द्या, झालं काम. मॅकवर फॉरमॅट केलेली डिस्क असेल, तर विंडोजला ती सहसा उमगत नाही. मग ते 'फॉरमॅट' किंवा 'इनिशिअलाइझ' करायचं का, असं साळसूदपणे विचारतं. आत लग्नाचे फोटो असतील तर 'कॅन्सल'च दाबा!

टक-टक आवाज येत असेल, तर तिथेच थांबा. बिघडलेलं हेड दर फेरीला तबकडी खरवडू शकतं. डिस्क काढून डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. फ्रीजरमध्ये ठेवायचा जुना तोडगा तर मुळीच नको. बाहेर काढल्यावर आत दव धरतं.