गुबगुबीत अक्षरांचा गोतावळा

लग्नपत्रिका ज्या वळणाच्या अक्षरांत छापतात, त्या अक्षरांत कोणी गोळ्याबिस्किटांचा पुडा छापीत नाही. मजकूर वाचण्यापूर्वीच अक्षराची घडण आपल्याशी काही बोलून गेलेली असते. बारीक, रेखीव अक्षर अदबीने बोलते. जाड, गोल कडांचे अक्षर हसून जवळ बोलावते. या दुसऱ्या कुळातील अक्षरांविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

या कुळातील एक प्रसिद्ध पुरुष म्हणजे ‘कूपर ब्लॅक’. अमेरिकेतील शिकागो शहरी ओस्वाल्ड कूपर या अक्षरकाराने ते घडविले आणि 1922 साली तेथील बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर या ओतशाळेने त्याचे खिळे विक्रीस आणले. कडा मऊ, अंग भरलेले आणि दुरूनही डोळ्यांत भरणारे, म्हणून जाहिरातदारांनी ते उचलून धरले. पुढे 1966 साली ‘पेट साउंड्स’ या गाजलेल्या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावरही तेच झळकले.

रोमन अक्षरे ओळीत सुटी सुटी उभी राहतात. आपली नागरी अक्षरे शिरोरेषेला लटकतात. वर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार, शिवाय जोडाक्षरांची दाटी. अशा अक्षराला जाड करावयाचे म्हणजे भरल्या घरात पाहुणे उतरविण्यासारखे आहे. रेघा सरसकट फुगविल्या, तर ‘ब’च्या पोटातील तिरपी रेघ गुदमरते आणि ‘ब’चा ‘व’ होतो. तीच गत ‘ष’ची होऊन तो ‘प’ दिसू लागतो. म्हणून जाणता अक्षरकार जेथे दोन रेघा मिळतात तेथे त्यांना किंचित बारीक करतो, पोकळी जपतो आणि मगच बाकीचे अंग भरतो. लठ्ठ दिसणाऱ्या अक्षरातही हवा खेळती राहावी लागते.

मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षरकारांच्या मंडळाने 2015 च्या सुमारास असेच एक अक्षर सिद्ध केले. त्याचे नाव ‘बालू’. त्याचे नागरी रूप सारंग कुलकर्णी यांनी रेखाटले. अस्वलासारखे ते गुबगुबीत आणि लडिवाळ, पण पायावर भक्कम उभे. किपलिंगच्या ‘जंगल बुक’मधील, लांडग्यांच्या पिलांना वनाचे नियम शिकविणाऱ्या अस्वलाचे नावही हेच, आम्हा शिक्षकांना त्याचा थोडा अभिमान वाटावा!

परंतु बालू एकटा नाही, त्याला मोठा गोतावळा आहे. गुजराती लिपीत तो ‘बालू भाई’, कन्नडमध्ये ‘बालू तम्मा’, तेलुगूत ‘बालू तम्मुडू’, तमिळमध्ये ‘बालू तंबी’, मल्याळममध्ये ‘बालू चेट्टन’, बंगालीत ‘बालू दा’, उडियात ‘बालू भाइना’, गुरुमुखीत ‘बालू पाजी’ आणि उर्दूत ‘बालू भाईजान’. कोणी थोरला, कोणी धाकटा, पण सारे भाऊच.

बेळगाव, बडोदे, हैदराबाद येथे राहणाऱ्या आपणांस या नात्याचे मोल अधिक कळेल. आपल्या डोळ्यांपुढून रोज दोन-दोन, तीन-तीन लिप्यांच्या पाट्या जातात. पुष्कळदा एक लिपी ऐटदार, ठसठशीत रंगविलेली असते आणि दुसरी कोपऱ्यात अंग चोरून बसलेली. घरचा कोण आणि उपरा कोण, हे न वाचताच समजते. पाटीवर कोणती भाषा कोठे यावी हे कायदा ठरवील. परंतु अक्षरांचा मान पाटी करणाऱ्याच्या हाती असतो. एकाच वजनाची, एकाच स्वभावाची अक्षरे शेजारी बसली, म्हणजे भाषाही शेजाऱ्यासारख्या दिसतात. आणि यात कोणाची ओळख पुसली जात नाही. गुजराती अक्षर शिरोरेषेवाचूनच राहते, कन्नड-तेलुगू आपली मूळची गोलाई सोडीत नाहीत.

अर्थात प्रत्येक आवाजाची वेळ असते. एका वर्षी शाळेच्या नाताळच्या कार्यक्रमाची पत्रिका मी उत्साहाच्या भरात पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत अशाच जाड अक्षरांत छापून घेतली. मुले खूश झाली. पण त्यांच्या आजी-आजोबांना बारीक आकारातील त्या काळ्या गर्दीत वेळ कोणती आणि स्थळ कोणते ते सापडेना. चूक अक्षराची नव्हती, माझी होती. असे अक्षर मथळ्याला, पाटीला, बालपुस्तकाच्या मुखपृष्ठाला, खाऊच्या पुड्याला शोभते. परिच्छेदामागून परिच्छेद वाचण्यासाठी ते नाही. पुढे ‘बालू 2’ या सुधारित रूपात साध्यापासून अतिजाडपर्यंत पाच वजने आली आणि त्याचा वापर वाढला. तरीही शोकवार्ता किंवा न्यायालयाची नोटीस त्यात छापू नये, हे सांगावयास नकोच.

1616 साली फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यात राचोल येथे छापले गेले. भाषा मराठी, पण अक्षरे रोमन. कारण तेथील छापखान्यात नागरी खिळेच नव्हते. आपल्या भाषेला तेव्हा परक्याचे वस्त्र नेसून बाहेर पडावे लागले. आज बालू आणि त्याचे भाऊ मुक्त परवान्याखाली कोणालाही विनामूल्य मिळतात. खेड्यातील शाळाही आपल्या भित्तिपत्रकाचा मथळा त्यांत सजवू शकते. तेव्हा पुढच्या वेळी आपल्या गल्लीतील दोन भाषांची पाटी पाहाल, तेव्हा क्षणभर थांबून बघा: तिच्यावरील दोन्ही अक्षरे सारख्याच आपुलकीने लिहिली आहेत काय?