राखेतून उभा राहिलेला चौक

युरोपच्या नकाशावर फ्रान्स, जर्मनी, नेदरलँड्स व लक्झेंबर्ग यांच्या मध्ये बेल्जियम हा चिमुकला देश वसला आहे. क्षेत्रफळ सुमारे ३०,५०० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जेमतेम एक दशांश. वायव्येस उत्तर समुद्राचा वालुकामय किनारा, त्यामागे सखल मैदाने, मध्यभागी सुपीक पठार आणि आग्नेयेस आर्देनचा अरण्यमय डोंगराळ प्रदेश, असे त्याचे भूरूप आहे. सर्वोच्च स्थान अवघे ६९४ मीटर. आपल्या माथेरानहूनही कमी.

निसर्गाने या भूमीला दुर्गम सीमा दिल्या नाहीत. शेल्ट आणि म्यूझ या जलमार्गास उपयुक्त नद्या मात्र दिल्या. त्यामुळे व्यापार फुलला. पण ज्या वाटेने माल आला, त्याच वाटेने सैन्येही आली. नेपोलियनचा अंतिम पराभव जेथे झाला ते वॉटर्लू राजधानी ब्रसेल्सच्या दक्षिणेस जवळच आहे. स्वतंत्र राष्ट्र म्हणून बेल्जियमचा उदय झाला तो १८३० मध्ये. उत्तरेकडे डच, दक्षिणेकडे फ्रेंच आणि पूर्वेच्या छोट्या पट्ट्यात जर्मन बोलली जाते.

ब्रसेल्सचे हृदय म्हणजे ‘ग्राँ प्लास’ हा मध्यवर्ती चौक. येथील नगरभवनाचे बांधकाम १४०२ च्या सुमारास सुरू झाले. त्याचा ९६ मीटर उंच मनोरा पंधराव्या शतकाच्या मध्यास पूर्ण झाला. सभोवती व्यापाऱ्यांच्या आणि कारागिरांच्या संघांची भवने आहेत. प्राचीन भारतात ज्यांना ‘श्रेणी’ म्हणत, ज्यांचे उल्लेख नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांत आढळतात, तशाच स्वरूपाच्या या संस्था होत्या.

ऑगस्ट १६९५ मध्ये या चौकावर घोर संकट ओढवले. नामूरला पडलेला वेढा ढिला व्हावा, या हेतूने फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या सैन्याने ब्रसेल्सवर तोफा डागल्या. सुमारे दोन दिवस अग्निवर्षाव चालला. चार हजारांवर घरे नष्ट झाली, अनेक पिढ्यांची संपत्ती भस्मसात झाली. ज्या मनोऱ्यावर तोफांचा नेम होता, तो मात्र उभाच राहिला. आणि ज्यासाठी हा विध्वंस केला, ते नामूरही फ्रेंचांच्या हातून गेलेच.

ज्यांचे सर्वस्व जळाले, तेच व्यापारी व कारागीर पुनर्निर्माणासाठी पुढे सरसावले. प्रत्येक संघाने आपले भवन पुन्हा बांधले. परंतु मनास येईल तसे नव्हे. दर्शनी भागाचे आराखडे नगरशासनाकडून संमत करून घ्यावे लागत. म्हणूनच प्रत्येक वास्तू वेगळी असूनही संपूर्ण चौक एकसंध भासतो. नाविकांच्या भवनाचा माथा जहाजाच्या मागील भागासारखा घडवला आहे, तर धनुर्धरांच्या भवनावर राखेतून पुन्हा जन्मणारा फिनिक्स पक्षी विराजमान आहे. हे बहुतेक काम काही वर्षांतच सिद्धीस गेले. १९९८ मध्ये युनेस्कोने या चौकाचा जागतिक वारशात समावेश केला.

शहरात अन्य आकर्षणेही आहेत : १८४७ ची काचेच्या छताची सेंट ह्यूबर्ट बाजारपेठ, १९५८ च्या जागतिक प्रदर्शनासाठी उभारलेले १०२ मीटर उंचीचे, नऊ गोलांचे ‘अ‍ॅटोमियम’. सँकाँतनेर उद्यानातील भव्य कमान मात्र पाहणाऱ्यास अस्वस्थ करते. ती उभारणाऱ्या दुसऱ्या लिओपोल्ड राजाचे वैभव काँगोतील असंख्य निरपराध जीवांच्या छळातून आले होते. दगड दोन्हीकडे सुंदर आहे. त्यामागील धनाची जात निराळी आहे.

आपल्या समाजाचेही या देशाशी नाते आहे. मूळच्या पालनपूरच्या अनेक जैन कुटुंबांनी अँटवर्पच्या हिरेव्यापारात स्थान मिळवले असून त्या शहराच्या विल्राइक उपनगरात संगमरवरी जिनमंदिर उभे आहे. त्या निमित्ताने बेल्जियमला जाणे घडले, तर ब्रसेल्सच्या चौकात घटकाभर अवश्य थांबावे. लक्ष्मी चंचल आहे, हे आपण लहानपणापासून ऐकतो. ती गेल्यानंतरही परस्परांचा विश्वास आणि मर्यादेचे भान शिल्लक राहिले, तर काय उभे करता येते, याची साक्ष तेथील प्रत्येक भिंत देते.